टर्बोला दम खाऊ द्या

'आहे तेवढं पुरे' हे वाक्य ज्याच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही असा जगात एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. कुठलीही वस्तू घ्या, तिच्यातला निम्मा जोर बनवणाऱ्याने मुद्दाम दडवून ठेवलाय आणि तो बाहेर काढायलाच आपला जन्म झालाय, अशी साडूभाऊंची पक्की समजूत. लग्नात आलेल्या मिक्सरला त्यांनी कुठलीशी दांडगी मोटर बसवली, तेव्हा शेंगदाण्याची चटणी छताला जाऊन चिकटली आणि पुढच्या रंगकामापर्यंत तिथेच राहिली. टेबलफॅनला जोर दिला तर तो पाहुण्यांकडे पाठ करून स्वतःच ओसरीभर फिरायला लागला. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तो फॅन खुंटीला बांधून ठेवत असे. "हिच्यात अजून लई दम हाय, साडूभाऊ," असं म्हणत ते माझ्या हिंगोलीतल्या शिलाई मशीनच्या दुकानात शिरले की मी आधी पेचकस लपवायचो.

पण हे सगळं किरकोळ. खरा जीव जडला होता तो जीपवर. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली अशी प्रवासी वाहतूक करणारी त्यांची जुनी चार सिलिंडरची टर्बोवाली जीप, वयाने इतकी थोरली की तिच्या वेळच्या बाकीच्या जीपा केव्हाच भंगारात गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, तेव्हा नवराबायकोचं भांडण, लाड आणि नवससुद्धा तिच्याच नावाने व्हायचे. डिझेल पंपाचा स्क्रू पिळून त्यांनी इंजिनाला जास्त खायला घातलं, टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बाजूची दांडी कमी करून त्याला जास्त हवा ओढायला लावली, आणि ती हवा थंड करायला एका मोडक्या टेम्पोची जाळी आणून पुढे ठोकली. जीपचं तोंड त्यामुळे दात पुढे आलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. कनेरगाव नाक्यावरचे मिस्त्रीचाचा दर वेळी डोक्याला हात लावून म्हणायचे, "उतनाच खिलाओ मियाँ, जितना हजम होता." साडूभाऊ मान हलवायचे आणि घरी जाऊन स्क्रू आणखी थोडा पिळायचे.

मला गाडी लागते. हे माझं दुखणं सगळ्या नात्यात प्रसिद्ध असूनही साडूभाऊ मला आग्रहाने पुढच्या सीटवर बसवत. चढ आला की समोरची एसटी दिसायची, साडूभाऊंचे डोळे बारीक व्हायचे, शिट्टीसारखा आवाज चढत जायचा आणि मागे असा काळा धूर सुटायचा की एसटीतले प्रवासी खिडक्या लावून घ्यायचे. एसटी मागे पडली की ते माझ्याकडे वळून विचारत, "पाह्यलं का?" मी काहीच पाहिलेलं नसायचं, कारण माझं तोंड पिशवीत असायचं.

एवढा घाईचा माणूस, पण पोचल्यावर मात्र कधी लगेच चावी फिरवायचा नाही. पळून आलेला टर्बो आतून लालबुंद झालेला असतो. इंजिन एकदम बंद केलं तर तेल थांबतं, जागच्या जागी जळतं आणि टर्बो कायमचा बसतो. म्हणून अंगणात गाडी उभी करून तिला थोडा वेळ नुसती सुरू ठेवायची, हा त्यांचा नेम. "टर्बोला दम खाऊ द्या." घरात लग्नाची मंडळी खोळंबलेली असोत की ताटावर भात निवत असो, साडूभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे. अक्का दारातून म्हणायची, "आलं का बाई तुमचं लेकरू? झोपवा आता त्याला थापटून." सगळे हसायचे, साडूभाऊ सोडून.

मग अक्काच्या पायांवर सूज आली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या. नांदेडला नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की किडनीचं काम आता फार थोडं उरलंय, डायलिसिस करावं लागेल. साडूभाऊ सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "सायेब, थोडं हाय तर ते वाढवता येत न्हाई का?" डॉक्टर नाही म्हणाले. "मंग त्या मशीनचा जोर वाढवा. हिला लई येळ बसवत न्हाई." रक्त घाईने फिरवलं तर माणसाला सोसत नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. बाहेर येऊन साडूभाऊंनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "बराबर हाय त्याचं. गरम होत असंल." ज्याच्यात दम वाढवता येत नाही अशी गोष्ट त्या माणसाला पहिल्यांदाच भेटली होती, आणि ती त्याची बायको होती.

त्यानंतर प्रवासी बंद झाले आणि गोरेगाव, हिंगोली, कळमनुरी, नांदेड अशा त्या नवराबायकोच्या खेपा सुरू झाल्या. जीप आणखी पळायला हवी म्हणून साडूभाऊ रिकाम्या दिवशी तिच्याखाली पडलेले असायचे. अक्का माझ्या बायकोला एकदा म्हणाली, "यांनला सांग गं, मला पळवू नका. गाडीत तर हे माझ्याजवळ बसतेत. घरी आलं की त्या गाडीखाली." माझ्या बायकोने ते सांगितलं. साडूभाऊंना ते कळलं नाही, किंवा कळूनही भीतीपुढे त्यांचं काही चाललं नाही. खेपेहून परत आलं की अक्काला भोवळ यायची, एकदम उतरता यायचं नाही. जीप अंगणात सुरू राहायची आणि ती डोळे मिटून तशीच बसायची. थट्टा मात्र तिने सोडली नाही. "तुमच्या टर्बोचा झाला का दम खाऊन?" "न्हाई आजून. बस तू," असं साडूभाऊ म्हणायचे. टर्बो केव्हाच निवलेला असायचा.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी अक्काला श्वास घेता येईना. साडूभाऊंनी तिला पुढे बसवून हिंगोली गाठली, आम्हा दोघांना घेतलं आणि जीप नांदेडच्या रस्त्याला लागली. बायको मागून बहिणीला धरून होती. ती जीप त्या दिवशी कशी पळाली ते मला सांगता येत नाही. आयुष्यभर जो जोर त्यांनी तिच्यात भरला, तो सगळा तिने त्या रस्त्यावर दिला. मला गाडी लागली नाही. साडूभाऊ एकच म्हणत होते, "आलंच बघ, आलंच." दवाखान्याच्या दारात त्यांनी चावी फिरवली, इंजिन धाडकन बंद केलं आणि अक्काला उचलून आत पळाले. ते थांबले नाहीत असं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, वेळेत आणलंत." साडूभाऊंनी ते वाक्य मला पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली.

परत येताना ती ॲम्ब्युलन्समध्ये होती आणि आम्ही मागे जीपमध्ये. टर्बो बसला होता. आतून घासल्याचा आवाज येत होता, निळा धूर निघत होता आणि साध्या चढावर गाडी ओढत नव्हती. कळमनुरीच्या पुढे ॲम्ब्युलन्स दिसेनाशी झाली. साडूभाऊंनी एक्सलेटर दाबून पाहिला, मग सोडून दिला. ते स्वतःच्या घरी सगळ्यांच्या मागून पोचले. लोक त्यांच्यासाठीच खोळंबले होते.

मिस्त्रीचाचांनी दुसरा टर्बो मिळवून ठेवला होता. साडूभाऊ नको म्हणाले. होता तोही काढून टाकायला लावला, पंपाचा स्क्रू मुळात होता तिथे आणून ठेवला, ती जाळी उतरवली. आता जीप आपली जाते सावकाश, बैलगाडीला वाट देत. प्रवासी कुरकुर करतात आणि दुसऱ्या जीपकडे वळतात. एसटी पुढे निघून जाते.

मागच्या महिन्यात गोरेगावात माझं एक शिलाई मशीन पोचवायचं होतं. साडूभाऊ हिंगोलीत भेटले, त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत त्यांनी मला एकदाही 'पाह्यलं का' असं विचारलं नाही. त्यांनी ते विचारायला हवं होतं, अगदी मला पिशवीत तोंड घालावं लागलं असतं तरी. बाकीचे प्रवासी नाक्यावर उतरले. अंगणात येऊन गाडी थांबली, दाराला कुलूप होतं. साडूभाऊंनी चावीला हात लावला नाही. इंजिन धडधडत राहिलं. ज्याला निववायचं तो टर्बो आता तिच्यात नव्हता. न राहवून मी दाराची कडी ओढली.

"बसा, साडूभाऊ," ते समोर बघत म्हणाले. "घाई काहून करून राहिले? तुमच्या अक्काला उतरायला येळ लागते."

मी कडी सोडली. आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर जागा होती, तिथे ठेवलेली माझी पिशवी उचलून मी मांडीवर घेतली आणि बसून राहिलो.