रिंगखालच्या तिघी

मावशी सिटी बस चालवायची. ड्रायव्हरची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलली तरी तिचे गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. डेपोतले लोक म्हणायचे, "बाई, तुम्ही टपावर बसूनच चालवा, पाय आपोआप खाली पोचतील." ती हसायची. असल्या थट्टेची तिला लहानपणापासून सवय होती. शाळेत कायम शेवटचा बाक, आणि घरी असली की शेजारणी माळ्यावरचे डबे काढायला हाका मारायच्या. बास्केटबॉलच्या कोर्टवर मात्र पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला म्हणालं, "अजून चार बोटं उंच असतीस तर काय बहार आली असती!" झालं. ती तिथलीच होऊन गेली.

मी तिच्याबरोबर राष्ट्रीय संघात खेळले आहे. ती सेंटर, म्हणजे रिंगखाली पाय रोवून उभी राहणारी, आणि मी बाहेरून तिला बॉल पुरवणारी. तिचं खेळणं गुडघ्याने संपवलं. दुखत होता, तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. एका सामन्यात ती बॉलसाठी उडाली, खाली आली, आणि मग तिला उचलूनच न्यावं लागलं. पुढे मी मोठ्या सामन्यांना कोर्टकडेच्या टेबलावर घड्याळ सांभाळायला लागले आणि मावशी, बसच्या पाळ्या अदलाबदल करून, संघातल्या उंच मुलींना शिकवायला लागली.

'मावशी' हे नाव तिला भाचीमुळे पडलं. तिची धाकटी बहीण हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या ड्यूट्यांचा काही नेम नसल्यामुळे पोर मावशीकडेच वाढली. मावशी तिला छोटी म्हणायची. ही छोटी वाढत वाढत दाराच्या चौकटीला टेकली, राष्ट्रीय संघात आली, तरी नाव तेच राहिलं. संघातल्या सगळ्या मुली तिला छोटी म्हणायच्या आणि तिच्या मावशीला मावशी.

त्या वर्षी आमचा संघ मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत शेवटच्या सामन्यापर्यंत येऊन ठेपला होता. जिंकलो तर आत, हरलो तर घरी. समोरच्या संघाची सेंटर म्हणजे कपाटच. ती पाठ लावून मागे सरकायला लागली की भल्याभल्या मुली रिंगच्या पलीकडे जाऊन पडायच्या. तिला अडवायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी मुख्य कोचने, म्हणजे सरांनी, मावशीला बॉल आणि जाळ्या ठेवायच्या खोलीत बोलावलं. मी टेबलाचं सामान तपासायला तिथेच होते.

"मावशी, तुमच्या तिघींचं सांगा. गोड बोलू नका," सर म्हणाले.

आमच्याकडे रिंगखाली खेळणाऱ्या तिघी होत्या. पहिलीला सगळ्या भिंत म्हणायच्या. पोस्टात टपाल वर्गवारीला होती, पोती उचलून उचलून तिचे खांदे दगड झाले होते.

"भिंतीला कुणी हलवू शकत नाही," मावशी म्हणाली. "रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत उडालेला बॉल, तिचाच. पण हात आवरत नाहीत. समोरचीने नुसता शॉटचा आव आणला की ही उडते आणि तिच्यावर जाऊन पडते. वर आणि सॉरी म्हणते, म्हणजे पंचाला शंका असेल तर तीही जाते. पाच फाउल झाले की ती बाहेर, आणि ते ती करणारच."

"चिमणी?"

"पाय वाऱ्यासारखे. लांबून शॉट मारते तोही चांगला. पण अंगाला अंग लागलं की दचकते, आणि शॉट मारला की तो गेला का ते बघत उभी राहते. नाटक बघायला आल्यासारखी."

सर हसले. मग म्हणाले, "आणि छोटी?"

मावशीने जमिनीवरचा एक बॉल उचलला, दाबून पाहिला, पुन्हा ठेवला. मला वाटलं, भाचीचं कौतुक करायला संकोचतेय.

खरी गोष्ट मला नंतर कळली. त्याच सकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात दोघींची जुंपली होती. गेले काही दिवस छोटी प्रत्येक उडीनंतर उजव्याच पायावर उतरत होती. रिंगखाली पूर्वी ती दोन्ही बाजूंना वळायची, आता फक्त उजवीकडे. आणि त्या सकाळी तिला जिना आडवं आडवं उतरताना मावशीने पाहिलं.

"गुडघा दाखव," मावशी म्हणाली होती.

"काही झालेलं नाही."

"छोटे, मला शिकवू नकोस. दाखव."

सूज होती. फार नाही, पण होती. छोटीने पँटचा पाय खाली ओढला आणि म्हणाली, "सामना होईपर्यंत गप्प राहा. एवढंच कर माझ्यासाठी. मी आयुष्यभर तुझ्याकडे दुसरं काही मागितलंय का?"

मावशीने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. चहा तसाच ठेवून कामावर गेली होती.

आता सर तिच्याकडे बघत होते.

"हात तिच्यासारखे कुणाचे नाहीत," मावशी म्हणाली. "बॉल कसाही येवो, धरते. दोघी अंगावर आल्या तरी मोकळी मुलगी शोधून पास देते. ती आत असली की बाकीच्या चौघी निम्म्याने चांगल्या खेळतात." एक श्वास घेऊन ती म्हणाली, "आणि तिचा डावा गुडघा सुजलाय. ती लपवतेय."

सर खाली बघत कपाळ चोळत राहिले. एवढ्या वेळात डॉक्टर गाठून तपासणी होणं शक्य नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "दोन्ही हाफमध्ये थोडी थोडी मिनिटं खेळवू. जास्त नाही. चालेल?"

"मला तेवढंही चालणार नाही. पण कोच तुम्ही आहात."

संध्याकाळी सरांनी छोटीला हे सांगितलं तेव्हा ती उठली. सरळ मावशीकडे गेली. मुली बूट काढत बसल्या होत्या, मीही तिथेच होते.

"कोण म्हणून सांगितलंस? मावशी म्हणून की कोच म्हणून?"

"दोन्ही मीच आहे गं."

"नाही. मावशी असतीस तर गप्प बसली असतीस. आणि कोच असतीस तर मला खेळवलं असतंस." तिने बॅग उचलली आणि त्या रात्री ती भिंतीकडे राहायला गेली.

सामन्याला हॉल गच्च भरला होता. टेबलावर बसणाऱ्याने टाळी वाजवायची नसते, तोंडही वाकडं करायचं नसतं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. सुरुवातीला भिंतीने त्या कपाटाला खरंच थोपवलं. छोटी तिच्या वाट्याच्या मिनिटांत आली, दोन असे पास दिले की सगळा हॉल उठून उभा राहिला, आणि बाहेर गेली. बाहेर जाताना तिने मावशीने पुढे केलेली पाण्याची बाटली घेतली नाही. दुसऱ्या हाफमध्येही तसंच झालं. मी मात्र आता तिच्या पायाकडे बघत होते. डाव्या पायावर ती एकदाही उतरली नाही.

चौथा क्वार्टर संपत आला तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांच्या सेंटरने शॉटचा आव आणला, भिंत उडाली, तिच्या खांद्यावर आदळली, आणि शिट्टी वाजली. पाचवा फाउल. भिंत "सॉरी, सॉरी" म्हणत, डोळे पुसत बाहेर आली.

सरांनी मागे न बघताच हाक मारली, "छोटी!"

ती जॅकेट काढून उभीच होती. दोन ढांगांत माझ्या टेबलापाशी आली. "बदली," ती मला म्हणाली. मी बझरकडे हात नेला.

"थांब," मागून मावशी आली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, सरांकडे पाहिलं. "तिची मिनिटं संपलीत."

"मावशी, बाजूला व्हा. मी ठरवतो."

"तुम्हीच ठरवा. पण ती आता एकदा जरी चुकीची उतरली ना, तर तिला उचलायला तुम्ही जा. मी जाणार नाही. माझ्याच्याने बघवणार नाही."

"आणि हरलो तर?"

"तर मावशीने घालवलं म्हणून सांगा सगळ्यांना. मी नाही म्हणणार नाही."

पंच हाताने घाई करत होता. हॉलमधला गोंगाट इतका होता की मला माझाच श्वास ऐकू येईना. छोटी मावशीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणणं म्हणजे फारच कमी होईल. सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग बेंचच्या टोकाला बसलेल्या एका बुटक्या मुलीला त्यांनी खूण केली, "तू जा आत." आणि छोटीला म्हणाले, "बस खाली."

मी बझर दाबला.

चिमणी आधीपासून कोर्टवर होती, तिला मावशीने कडेला ओढलं. "त्या कपाटाच्या मागे उभी राहू नकोस, मागून तुला ती चेंगरून टाकेल. पुढे उभी राहा. बॉल तिच्यापर्यंत पोचलाच नाही पाहिजे."

"मावशी, ती मला ढकलून देईल हो!"

"देऊ दे. पडलीस तर ऊठ. पाय हलव, बास."

त्या सेंटरने फाउलच्या दोन शॉटपैकी एक घातला. बरोबरी. आमच्या बाजूने चिमणीने लांबून मारलेला शॉट रिंगच्या आतल्या कडेला लागून आत पडला. या वेळी ती बघत उभी राहिली नाही, मुठी आवळून उलटी धावली. आता उरले होते मोजके सेकंद. त्यांनी बॉल आणला, सगळ्यांना माहीत होतं कुणाकडे जाणार ते. कपाट हात वर करून उभं, आणि त्याच्या पुढ्यात चिमणी, नाचणाऱ्या पायांची, त्याच्या खांद्यापर्यंतही न पोचणारी. एक धक्का बसला. ती कोलमडली, सावरली, पुन्हा पुढे. पास आला, वरून, उंच. चिमणी उडाली. तिची फक्त बोटं लागली बॉलला, पण तेवढ्याने तो वळला, बाहेर घरंगळला, आणि त्याच्यावर आमच्या त्या बुटक्या मुलीने अंग टाकलं.

मी घड्याळाकडे बघत होते, तेच माझं काम होतं. शून्य झालं तेव्हा सगळा बेंच कोर्टवर धावला. छोटी सोडून. ती उभी राहिली, दोनदा टाळी वाजवली, आणि आतल्या वाटेने निघून गेली.

मावशी तिच्यामागे गेली. त्या बोळात काय झालं ते मावशीनेच मला सांगितलं. छोटी जमिनीवर बसली होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"हरलो असतो तर मी तुला माफ केलं असतं," ती म्हणाली होती. "मग निदान वाटलं असतं की मी असते तर जिंकलो असतो. आता काय? माझ्यावाचून काही अडलंच नाही."

मावशी शेजारी बसली, पाय लांब करून. आतून मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. गुडघ्यातली एक लिगामेंट अर्धवट फाटली होती. मावशीने डॉक्टरांना सरळ विचारलं, "त्या दिवशी ती शेवटपर्यंत खेळली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित पूर्ण तुटली असती. खरं सांगू का, कुणीच सांगू शकणार नाही."

मावशीला तेच सर्वांत जड गेलं. तिला वाटलं होतं, निदान कुणीतरी पांढऱ्या कोटातलं माणूस म्हणेल की बाई, तुमचं बरोबर होतं. उलट बहिणीचा फोन आला. "ताई, तिचा जीव होता त्या सामन्यात. तुला थोडं थांबता नसतं आलं?" ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. नर्सच ती, तिलाही गुडघ्याचं कळत होतं, पण आईही होतीच ना.

छोटी मोठ्या स्पर्धेला जाऊ शकली नाही. तिच्या जागी चिमणी खेळली. तिथे आम्ही सगळे सामने हरलो, दोन तर फारच वाईट. भिंत पहिल्याच सामन्यात पाच फाउल करून आली आणि तिथल्या पंचालाही सॉरी म्हणाली. मावशी परत आली, बसची पाळी धरली, आणि संध्याकाळी पुन्हा हॉलवर. छोटी मात्र मुलींच्या वसतिगृहात राहायला लागली होती. मावशी फोन करायची, ती उचलायची, "बरी आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची. व्यायाम नेमाने करत होती, हे मावशीला चिमणीकडून कळायचं.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी छोटी जाड पांघरूण न्यायला घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझा राग गेलेला नाही," तिने आधीच सांगून टाकलं.

"बरं."

"जाईल की नाही तेही माहीत नाही."

"नसेल जात तर राहू दे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन सरांना, हेही ऐकून ठेव."

"माहीत आहे मला," छोटी म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "जाम हट्टी आहेस तू."

"कुणाची मावशी आहे मग? गारठा आत येतोय. दार लाव नि जेवायला बस."

ती आत आली. चौकटीखाली मान वाकवून, दोन्ही पायांवर सारखाच भार देत. जेवली. पांघरूण घेऊन ती वसतिगृहावर परत गेली, आणि पुढच्या रविवारी, न्यायला काहीच नसताना, पुन्हा आली.