भेगेची बाजू

मुलांनो, मंडईमागे एक चाचा जुन्या वस्तू विकतात. दुकानातली जुनी, चकचकीत चिनी फुलदाणी ते मुद्दाम भेग रस्त्याकडे करून ठेवत. भेग पाहून गिऱ्हाईक पुढे जाई आणि मला हायसं वाटे, कारण ती मला हवी होती. शेवटी मीच घेतली आणि घरी भेग भिंतीकडे करून ठेवली.

ईदला चाचा शीरखुर्मा घेऊन आले. त्यांनी फुलदाणी फिरवली.

"अहो, पाहुण्यांना भेग दिसेल," मी म्हणाले.

"दिसू द्या की, बाई. एकदा दिसली की माणूस खोट शोधत बसत नाही, नक्षी बघतो."

ते गेल्यावर मी ती परत फिरवायला उठले, पण फिरवली नाही. उलट भिंतीवरचे तुमचे स्टुडिओतले फोटो उतरवले आणि पुढचे दात पडले होते तेव्हाचे लावले.