शनी बघायला नेलेली आई

विद्यापीठाच्या वेधशाळेत सहकुटुंब आकाशदर्शन आहे, मोफत, असं माझ्या लेकीच्या शाळेतून कळलं. मी आईला सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "शनी दावत्यात का? मग मी येते."

आईने आयुष्यभर फुलशेती केली. वडील गेले ते तिच्या साडेसातीत. तेव्हापासून दर शनिवारी ती देवळात तेल वाहते. "ज्याला एवढं तेल घातलं, तो हाय तरी कसा, बघू दे की एकदा," ती म्हणाली. मी हसले, पण ती हसत नव्हती.

द्वारका चौकातल्या गर्दीतून वाट काढत आम्ही तिघी दिवस मावळायच्या आत पोचलो. अंधार पडला तेव्हा रांगेत आमच्यापुढे चारपाच कुटुंबंच होती. दुर्बिणीपाशी उभी असलेली विद्यार्थिनी सांगत होती, "शनी पश्चिमेला खाली आलाय. लवकर मावळेल, म्हणून आधी तोच दाखवतो. चंद्र नंतर."

तेवढ्यात गाड्या आल्या. कुणी प्रमुख पाहुणे, सोबत त्यांचं घरदार. आयोजक धावले आणि गच्चीवरचे हॅलोजन लागले. आकाश बघायला जमलेल्या माणसांच्या डोक्यावर हॅलोजन! शाल, नारळ, भाषण. भाषणात विज्ञाननिष्ठ पिढी, आणि समोर पोरं डोळ्यांवर हात धरून उभी. मग पाहुण्यांचं कुटुंब दुर्बिणीपाशी गेलं. एकेकाचा फोटो, मग सगळ्यांचा मिळून फोटो.

मी ओरडले, "अहो, दिवे बंद करा! लोक मघापासून रांगेत आहेत!"

आयोजक जवळ आले. आवाज खाली, चेहरा हसरा. "ताई, फुकट कार्यक्रम आहे. जरा सांभाळून घ्या."

"फुकट आहे म्हणजे काय, भीक घालताय का?"

आईने माझा दंड धरला. "गप गं. लोक बघत्यात."

बघू देत. मागची एक बाईही बोलायला लागली, मग तिचा नवरा. पण दिवे बंद झाले ते पाहुणे गाडीत बसल्यावरच. तोवर शनी झाडांमागे गेला होता. विद्यार्थिनीने दुर्बीण हलवून पाहिली. "सॉरी आजी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आयोजक मात्र म्हणाले, "पुढच्या महिन्यात या ना!"

"पुढच्या महिन्यात शनी सूर्याजवळ असेल, सर," विद्यार्थिनी म्हणाली. "दिसणार नाही."

आईने चंद्र पाहिला. लेकीने पाहिला. मी पाहिला नाही; माझं डोकं भणभणत होतं. निघताना आईने त्याच आयोजकांसमोर हात जोडले, "लय उपकार झाले, साहेब." तिथे माझा खरा संताप झाला. शाल घेऊन गेलेल्या माणसाने कुणाचे आभार मानले नव्हते, आणि माझी आई हात जोडत होती!

रिक्षात मी तिला म्हटलं, "कशाला हात जोडायचे?"

"त्यांनी चंद्र दावला ना," ती म्हणाली. मग बाहेर बघत, "पण यायचं होतं ते शनीसाठी."

पावसाळ्यानंतर शनी संध्याकाळी पुन्हा दिसू लागला आणि वेधशाळेचं बोलावणं आलं. मी आधी फोन करून विचारलं, "पाहुणे आहेत का?"

"आहेत ना! उद्घाटन आहे."

"मग दुसऱ्या दिवशी येतो. माझ्या आईला शनी दाखवायचाय, आणि दिवे बंद हवेत."

पलीकडे कुणीतरी हसलं. मी हसले नाही. दुसऱ्या दिवसाची वेळ ठरेपर्यंत मी फोन ठेवला नाही.