चालायला जायची पिशवी

आमच्या कोपऱ्यावर 'रोज चाला, निरोगी राहा' असा भला मोठा फलक लागला आहे. त्यावर हसणारे पुढारी फलकाच्या उद्घाटनालासुद्धा मोटारीतून आले होते. त्याच फलकाखालून शालनबाई रोज संध्याकाळी भराभर जाताना दिसतात, हातात कापडी पिशवी घेऊन. त्या आमच्याकडे पोळ्या करतात. साखर वाढली आहे, रोज अर्धा तास चाला, नाहीतर इंजेक्शनं सुरू करावी लागतील, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं आहे.

पिशवी नेहमी रिकामीच दिसायची, म्हणून एकदा विचारलं.

"नुसतंच निघालं की गल्लीतल्या बाया विचारतात, 'काय गं, आज कुणीकडं?' सासूबाई म्हणतात, 'कामं संपली वाटतं घरातली!' हातात पिशवी असली की कुणी काही बोलत नाही."

मी बूट घालून, हात हलवत, कुठेही न जाता तासभर फिरतो आणि लोक माझं कौतुक करतात. बाईला मात्र घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि तब्येत हे कारण त्यात कुणी धरत नाही.

काल शालनबाई पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. पुढ्यात तीन डबे होते.

"निघाले होते चालायलाच, दादा. पण पिशवी बघून शेजारणी म्हणाल्या, जातेसच तर आमचंही दळण आण."

गिरणीत वीज नव्हती.

"मग तोवर एक चक्कर मारून या की."

"आणि डबे कोण सांभाळणार?" असं म्हणून त्यांनी तिन्ही डबे आणखी जवळ ओढून घेतले.