हरण्याची माफी

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचतो. भूतखेत, चकवा... काही मानत नाही. गाडीची डिलिव्हरीसुद्धा अमावस्येला घेतली, कारण त्या दिवशी शोरूमला गर्दी नसते. तरी हे लिहितोय!

मागच्या जानेवारीतला रविवार. बायको-पोरं लग्नाला गेलेली. म्हटलं, बाइक काढावी आणि लहानपणीच्या सगळ्या जागा एकट्याने निवांत बघून याव्यात. अवसरी बुद्रुकला मामी, मग नारायणगाव, जुन्नर, मढ. आळे तेवढं वगळलं होतं. म्हणजे ज्या गावात वाढलो तेच सोडून बाकीचं लहानपण बघायला निघालो होतो – असा मी शहाणा.

कारण बाळू. आळ्याचा माझा जिवाभावाचा दोस्त. चार वर्षांपूर्वी यात्रेत त्याचा बैलगाडा पळाला. पुण्याचं पावणं म्हणून मला मान दिला आणि घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, वरच्या टोकाला निशाण माझ्या हातात दिलं. बैल रेषेवर आले की निशाण टाकायचं, तेव्हा घड्याळ थांबतं. मी दुसऱ्या हाताने मोबाइलवर व्हिडिओ काढत बसलो आणि निशाण उशिरा पडलं. बाळूचा नंबर गेला. त्याने विचारलं तर सगळ्यांदेखत म्हणालो, तुझा हरण्याच सुस्त. बाळूला शिवी दिली असती तर तो विसरला असता... मी त्याच्या बैलाला बोललो. तेव्हापासून बोलणं बंद. खरं काय ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तर, सहाला हडपसर सोडलं. मंचरनंतर धुकं विरलं. उसाचे ट्रॅक्टर, कांद्याच्या लागणीला निघालेल्या बाया... हेल्मेटच्या आत मी चक्क गात होतो. मामाने मला पोहायला शिकवायचं म्हणून ज्या ओढ्यात ढकललं होतं, तिथे पाण्यात पाय सोडून बसलो. थंडीने पाय बधिर झाले, पण मजा आली.

पावणेनऊला मामीच्या दारात. मामी म्हणाली, "आरं, आत्ता तर च्या पिऊन गेलास. काय इसरलास व्हय?"

मामीचं वय झालंय म्हणून मी हसण्यावारी नेलं. तिच्या हिशेबाने दुसरा आणि माझ्या हिशेबाने पहिला चहा ओट्यावर बसून अर्धा तास प्यायलो.

नारायणगावात सायकलवाले चाचा. त्यांच्याकडून आम्ही तासावर सायकली घ्यायचो, आता ते बाइक दुरुस्त करतात. मान वर न करता म्हणाले, "मिला क्या बाळू?" कोण बाळू, मी उगाच म्हणालो. तर म्हणे, मघाशी तूच नाही का सांगून गेलास, बाळूची माफी मागायला आळ्याला चाललोय म्हणून? हीच गाडी, हेच जॅकेट.

भीती नाही, चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. जुन्नरचा रस्ता डावीकडे होता. मी सरळ गेलो.

बाळूच्या अंगणात मासवडीच्या रश्श्याचा वास सुटला होता. वहिनी सहज म्हणाल्या, आलात का, बसा, होतच आलंय. बाळू समोर येऊन उभा राहिला.

"सकाळी नऊला आलास ते माझ्याशी बोललाच न्हाईस. नीट गोठ्यात. हरण्याच्या गळ्यात हात टाकून म्हणालास, मी मोबाइल बघत व्हतो रं, तुजा नंबर मीच घालवला. तवा मी जेवायला थांब म्हणलं, तर म्हणालास जरा जाऊन येतो."

नऊला मी अवसरीत, मामीच्या ओट्यावर होतो! मी विचारलं, हेल्मेट घातलं होतं का त्याने?

"काढलं व्हतं की. तुजं टक्कल वळखतो मी."

मग मी सांगून टाकलं. बाळू, तो मी नव्हतो. पण तो बोलला ते अक्षर अन् अक्षर खरं आहे.

बाळूने गोठ्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "म्हंजी तुजं ऱ्हायलंच की. जा, सांग त्याला."

गेलो. हरण्या आता थकलाय. त्याच्या मानेवर हात ठेवून सगळं सांगितलं. बोलताना रडलो, लिहायला लाज वाटत नाही. हरण्याने माझ्या जॅकेटचा एक खिसा हुंगला, मग दुसरा हुंगला आणि नाराज होऊन तोंड फिरवलं. मागून चार वर्षांनी बाळूचं हसणं ऐकलं.

"सकाळचा बरा व्हता, राव. त्यानं गूळ आणला व्हता."

मढ राहूनच गेलं. रस्सा मात्र तीनदा घेतला. मामीला, चाचांना फोन करकरून विचारलं, दोघंही आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत. येत्या रविवारी पुन्हा आळ्याला चाललोय. गूळ आणून ठेवलाय. फक्त या वेळी पाचलाच निघणार आहे... तो माझ्याआधी पोचायला नको.