पंचमीची लारी

माझी दोन धडधाकट लुगडी एका लारीनं खाल्ली. हसू नका, खरं सांगतेय. लढाईचे दिवस होते, आम्ही तेरला राहत होतो आणि पेट्रोल मिळायचं ते सरकारी चिठ्ठीवर, तेही देवाला तेल घातल्यासारखं. म्हणून आमच्या ह्यांनी लारीच्या पाठीला लोखंडी पिंप बसवलं आणि ती कोळशावर चालवायची ठरवली. पिंपात बाभळीचा कोळसा पेटवायचा, त्याचा धूर नळीतनं इंजिनात जायचा. पण जायच्या आधी तो गाळून घ्यायला लागायचा, नाहीतर इंजिनात काजळी साचायची. गाळायला कापड पाहिजे घट्ट विणीचं. घरात घट्ट विणीचं काय होतं? मी नदीवरनं धुणं घेऊन येईस्तोवर एका लुगड्याचे चार तुकडे झाले होते.

"अहो, नेसतं लुगडं होतं ते!"

"नेसतं कुठं? दोरीवर होतं की," हे पिंपात डोकं घालूनच म्हणाले.

असा माणूस. दुसरं लुगडंही पुढं असंच गेलं. राग तरी किती दिवस धरायचा? पण ही लारी त्यांनी कशापायी घेतली ते ठाऊक असल्यामुळं मला फार बोलताही यायचं नाही.

माझी नणंद ईटला दिली होती. ह्यांच्याहून धाकटी, एकुलती एक बहीण. तेरहून ईट म्हणजे बैलगाडीनं दोन दिवसांची वाट, मधे एक मुक्काम. आमच्यात नागपंचमीला लेक माहेरी आणायची, आणि तिला आणायला भावानं जायचं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय लेकीनं आपल्या पायानं निघायचं नाही, मग माहेरी सोन्याचा पाऊस पडत असला तरी. तशी ती दरसाल यायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, श्रावण लागला की ओट्यावर बसून ईटहून येणाऱ्या वाशीच्या वाटेकडं डोळे लावायच्या.

एका साली पंचमी करून ती सासरी निघाली तेव्हा तिला दिवस गेले होते. पहिलटकरीण. हे स्वतः गाडी हाकत होते. वाटेत पाऊस लागला, मग उघडीप, मग नुसते दगड. दोन दिवस ती गाडीचा कठडा धरून बसली होती म्हणे, एका शब्दानं काही बोलली नाही. सासरी पोचली आणि चार दिवसांत पोर गेलं. तिची सासू चार बायकांत म्हणाली की माहेरच्या गाडीनं आमची सून रिकामी केली. बोलणाऱ्याचं काय जातं? पण ते बोलणं वाशीच्या बाजारातनं फिरत फिरत तेरला आलं आणि ह्यांच्या काळजात रुतलं.

त्या दिवशी ह्यांनी जेवण केलं नाही. आत्याबाईंच्या पुढं उभे राहिले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाले, "अव्वा, बाईला आता आणीन तर मोटारीतनंच आणीन. बैलगाडीत तिला पुन्हा बसवणार न्हाय."

आम्हा लिंगायतांत माणसानं लिंगाला हात लावून बोललेलं म्हणजे झालं. त्यावर आईही काही म्हणत नाही, बायकोची तर गोष्टच सोडा. आत्याबाईंनी नुसती मान हलवली.

तर ती लारी. बार्शीला एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या आवारात गवतात पडली होती. बार्शी इंग्रजांची, आम्ही निजामाचे, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावरच्या माणसानं लारीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे काय सामान आहे?" ह्यांनी अभिमानानं सांगितलं, मोटार आहे. त्यानं पुन्हा एक फेरी मारली. शेवटी चार बैल लावून ती तेरला आली आणि आमच्या अंगणातल्या लिंबाखाली उभी राहिली. सगळा गाव बघायला लोटला. पुढं लारीचा नुसता आवाज आला तरी माणसं जमायची, ती सवयच लागली गावाला.

पहिली पंचमी आली तेव्हा इंजिन गोणपाटावर सुटं पसरलेलं होतं. हे लहानपणी बार्शीला एका मोटारवाल्याकडं राहिले होते, त्या जोरावर सगळं आपल्याच हातानं. पिस्टन काढायचे, घासायचे, परत घालायचे, परत काढायचे. टायर मिळत नव्हते तर चांभाराकडनं म्हशीचं कातडं शिवून आतनं लावलं. आत्याबाई ओट्यावरनं विचारायच्या, "झाली का रे?" हे म्हणायचे, "झालीच अव्वा." पंचमी अशीच गेली. मी वारुळाला जाऊन आले, फेर धरायला मन झालं नाही.

दुसऱ्या पंचमीला ती चालू झाली. खोटं कशाला सांगू, मलाही आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सकाळी अर्धा तास पंखा फिरवून कोळसा पेटवला, पिंप तापलं, लारी खोकली, थुंकली आणि निघाली. आत्याबाईंनी चाकापुढं नारळ फोडला. गावाच्या शिवेबाहेर आमची काळी जमीन लागते. पावसाळ्यात तिच्यात माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो, लारीचं काय घेऊन बसलात! दुपारी आमचेच बैल गेले आणि त्यांनीच तिला ओढून घरी आणली. हे बैलांच्या मागं मान खाली घालून चालत होते. त्याच वाटेनं बैलगाड्या येत होत्या, जात होत्या, एकेकीत लेकी बसलेल्या. मी म्हणाले, "बैल सुटलेच आहेत, तसेच जुंपा आणि जा." ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी चुलीकडं गेले.

त्या पंचमीनंतर वाशीच्या बाजारकऱ्याबरोबर नणंदेचा निरोप आला. अव्वाला म्हणावं, मी वाट बघतेय. बास, एवढाच. दादानं का आणलं नाही असं विचारलं नव्हतं. त्यानं जास्तच लागलं. ह्यांनी तर धास्तीच घेतली, की मोटार चालली तरी उपयोग नाही, हिसके बसले तर मोटार काय आणि बैलगाडी काय.

मग सुरू झालं घागरीचं खूळ. ड्रायव्हरच्या शेजारी त्यांनी बहिणीसाठी बैठक केली होती. आमच्याच कापसाची जाड गादी, वर तांबडं कापड. त्यावर मला बसवायचं, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर द्यायची आणि लारी नदीपर्यंत न्यायची. पाणी सांडता कामा नये. परत येईस्तोवर मी कंबरेपर्यंत ओली. उतरले की हे आधी घागरीत डोकावणार, मग माझ्याकडं बघणार.

"निम्मी राहिली," म्हणायचे.

"मी बी निम्मीच राहिले," मी म्हणायचे. "हाडं खुळखुळा झाली माझी."

त्यांनी स्प्रिंगांना आणखी पाटे घातले. जास्त पाटे म्हणजे जास्त आधार, असा त्यांचा हिशोब. झालं उलटंच, लारी लाकडासारखी ताठ झाली आणि घागर पार रिकामी. मग एकेक पाटा काढायला लागले. एक काढला की मला बसवायचं, घागर भरायची, नदीवर जायचं. नदीवरच्या बायका धुणं टाकून हसायच्या. तिसरी पंचमी ह्यातच गेली. लारी चालत होती, बैठक तयार होती, पण घागर निम्मीच्या वर राहत नव्हती म्हणून हे गेले नाहीत. आत्याबाईंनी त्या साली विचारायचं सोडून दिलं.

थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. आधीच वाळकी काडी, त्यात अन्न जाईना. एकदा ह्यांना जवळ बसवून म्हणाल्या, "गाडी पाठव रे. पोरीला बघू दे एकवार."

हे म्हणाले, "अव्वा, लिंगाला हात लावलाय म्या."

त्यांनी डोळे मिटले. मी दारात उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, ही शपथ ज्या बाईसाठी घेतली तिला कुणी विचारलंय का? ती नको म्हणाली असती तर शपथ सुटली असती की! पण ती ईटला, आम्ही तेरला, आणि मोटारीशिवाय तिच्या दारात तोंड दाखवायचं नाही असं ह्यांनी ठरवून टाकलेलं. आजही हे आठवलं की जीव तुटतो. एवढं सोपं होतं सगळं.

शिवरात्र झाली आणि एके दिवशी घागर भरलेली परत आली. चमचाभर पाणी सांडलं असेल नसेल. माझं लुगडं कोरडं. ह्यांनी घागर माझ्या हातातनं घेतली आणि सगळी लारीच्या बोनेटवर ओतली, एवढा आनंद. रस्ताही वाळून खडखडीत झाला होता.

"उद्या तांबडं फुटायच्या आत निघा," मी म्हणाले. "आत्याबाईंचं काही खरं नाही."

"जातो की. पण पायरी बसवतो आधी. लारी उंच हाय, बाई लुगड्यात चढंल कशी? एक दिवसाचं काम."

मी कपाळावर हात मारला. लोहाराकडनं पट्टी आणली, भोकं पाडली, फळी ठोकली. एक दिवसाचे तीन झाले. फळीच्या कडा बहिणीच्या पायाला लागू नयेत म्हणून घासत बसले. त्या रात्री म्हणाले, आता झालं, सकाळी निघतो. पहाटे मी आत्याबाईंच्या तोंडात पाणी घालायला गेले तर पाणी बाहेर आलं.

हे रडले नाहीत. पिंपात कोळसा भरला आणि ईटला गेले. त्या दिवशी लारी एकदाही बंद पडली नाही. जाताना नाही, येताना नाही. वाटेत कुठं चाक बसलं नाही की नळी सुटली नाही.

आमच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात. आम्ही आत्याबाईंना अंघोळ घातली, अंगाला भस्म लावलं, नवं लुगडं नेसवलं आणि माजघरात भिंतीला टेकून, दाराकडं तोंड करून बसवलं. गळ्यात फुलांची माळ. लेक येईपर्यंत माती द्यायची नाही असं ठरलं. दिवस कलताना लारीचा आवाज आला.

ह्यांनी तिला काही सांगितलंच नव्हतं. तिच्या दारात उभे राहिले आणि तोंडातनं निघालं, "अव्वानं बोलावलंय." तिला वाटलं, पंचमी नसली तरी दादा मुऱ्हाळी आलाय. तिनं हातभर हिरव्या बांगड्या भरलेल्या, आईसाठी खडीसाखर बांधून घेतलेली. सगळ्या वाटेनं बोलत होती म्हणे, आणि हे समोर बघून लारी हाकत होते. अंगणात माणसं दिसली तर तिला वाटलं, मोटार बघायला गाव जमलाय.

पायरीवरनं अलगद उतरली. मला बघून म्हणाली, "वैनी, पायरी बघितलीस का? खास माझ्यासाठी केलीय म्हनं. आन पोटातलं पाणी हललं न्हाय बघ!" आणि मोठ्यानं हाक मारली, "अव्वा!" तशीच आत गेली.

आत्याबाई दाराकडं बघत बसल्या होत्या. ती उंबऱ्यात थांबली. क्षणभर तिला वाटलं असणार, आई नटून आपली वाट बघत बसलीय. मग तिनं भस्म पाहिलं. जी किंकाळी फोडली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. हे अंगणातच उभे होते, पायरीच्या फळीला हात लावून.

नणंद काही दिवस राहिली. भावाशी धड बोलली नाही, पण टाकूनही बोलली नाही. तीन वर्षं काय काय चाललं होतं ते मी तिला सांगितलं, घागरीचंही सांगितलं. जायचा दिवस आला तेव्हा हे पहाटेपासनं पंखा फिरवत होते, पिंप तापत होतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, मला बैलगाडीनं सोड."

"बाई, हिसके बसतील."

"बसू दे."

"मी लिंगाला हात लावलाय."

"कुणासाठी लावला होतास? माझ्यासाठीच ना? मग मी सोडवते तुला." तिनं बैलगाडीकडं बोट केलं. "गाडी दारातच होती की रे दादा. मी कुठल्याबी गाडीतनं आले असते. चालत आले असते. तुम्ही कुणी विचारलंच न्हाय मला."

ह्यांनी पंखा सोडला. तिथंच लारीच्या चाकाजवळ मटकन खाली बसले आणि लेकरासारखे रडले. आई गेली त्या दिवसाचं आणि आधीच्या सगळ्या दिवसांचं ते रडणं होतं. तीही रडली, मीही रडले. मग त्यांनी उठून बैल जुंपले.

लारीतली तांबडी गादी काढून मी गाडीत अंथरली. ती बसली. गडी हाकायला बसला, कारण हे काही केल्या गाडीत चढेनात. ते बैलांच्या पुढं चालायला लागले. शिवेपर्यंत मी पोचवायला गेले होते. वाटेत दगड दिसला की बैलांना हातानं थांबवायचे, वाकून दगड उचलायचे, कडेला टाकायचे आणि पुन्हा चालायचे. ईटपर्यंत असेच गेले, असं गड्यानं आल्यावर सांगितलं.