तळ्यातून सिरसाळ्यापर्यंत

आमच्या गावाला लागून धरणाचं पाणी आहे. सगळे त्याला तळंच म्हणतात. मी गावातल्याच शाळेत शिक्षिका. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात, रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला पाण्यात लाल-पिवळे ठिपके दिसले. आधी वाटलं, कुणाची टरबुजं वाहून चाललीत. मग त्या टरबुजांना हात फुटले.

मी खाली धावत गेले आणि जाऊबाईंना हाक मारली. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणते. आम्ही दोघी काठावर पोचलो तेव्हा टोप्या घातलेली माणसं एकेक करून बाहेर येत होती आणि ओल्या अंगानेच सायकलवर बसून निघत होती. तिथे उभ्या असलेल्या एका बाई कुणाचा नंबर आला ते ओरडून सांगत होत्या. मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "आधी दोन किलोमीटर पोहायचं. मग वडवणी, तेलगाव करत सिरसाळ्यापर्यंत सायकल, तशीच परत. आणि शेवटी कालव्याच्या रस्त्याने एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात."

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "कावून पण? कोण मागं लागलंय त्यांच्या?"

त्या बाई खळखळून हसल्या. त्या बीडच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. स्पर्धा त्यांनीच सुरू केलेली. परगावी अशाच एका स्पर्धेत भाग घेऊन आल्या आणि आपल्याकडे एवढं पाणी असताना इथे का नको, असं त्यांच्या मनाने घेतलं. पहिल्या वर्षी त्या धरून चौघंच होते. त्यातला एक पोहून झाल्यावर थंडीने काकडला आणि सरळ घरी गेला. दुसऱ्या वर्षी तेलगावजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि सगळे सायकलवाले तिच्यात अडकून पडले. तेव्हापासून सायकलींची वेळ बदलली.

मला त्या स्पर्धेचा नादच लागला. दरवर्षी मी काठावर जायची, पाण्याच्या बाटल्या द्यायची आणि प्रत्येकाला आक्कांचाच प्रश्न विचारायची, हे सगळं कशासाठी? एक वकील म्हणाले, साखर वाढलीय. एका पोराने सांगितलं, मित्राशी पैज लागलीय. एका बाईंनी नुसतं "छान वाटतं" म्हणून चष्मा पुसला. कुणाच्याच उत्तराने माझं समाधान झालं नाही.

आक्का मात्र दुसरंच काहीतरी बघायच्या. एका वर्षी त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "तुमची माणसं पाय लई आपटतात. पाणी मारून कुठं पुढं जातंय का?"

"ताई, तुम्हाला पोहता येतं?"

"येतं की. माझं माहेर ह्याच पाण्यात गेलंय."

ते खरं होतं. धरण झालं तेव्हा आक्का लहान होत्या. त्यांचं गाव उठून वर माळावर गेलं आणि त्या आपल्या भावांबरोबर ह्याच पाण्यात पोहायला शिकल्या. लग्नानंतर ते सुटलं. डॉक्टरबाईंनी लगेच सांगितलं की तिघांची टोळी करून भाग घेता येतो: एकाने पोहायचं, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने पळायचं. मी शाळेत रोज सायकलवरच जाते. पळायला उरले आमचे हे. पोलीस भरतीसाठी पळाले होते ते कधीतरी कॉलेजात असताना. आता पोट सुटलंय. पण वहिनी उतरणार म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. गावात थोडी कुजबुज झाली, पण त्या महिन्यांत अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, त्यामुळे कुजबुजायलाही फारसं कुणी नव्हतं. आक्का लेकीचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून रोज उजाडताच पाण्यात उतरू लागल्या.

आणि त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. तळं आटत आटत भिंतीपाशी जाऊन डबकं झालं. डॉक्टरबाई बघायला आल्या. स्पर्धा बंद करायची नाही, पोहण्याऐवजी कोरड्या तळ्यातून पळायचं, असं त्यांनी ठरवलं. आक्का फणकारल्या, "मी काय पळणार? मला पाण्यातलं येतं." तरी आल्या. त्या दिवशी बाकीचे बरेचसे परत आले तरी आक्का येईनात. मी सायकल धरून ताटकळले. शेवटी मीच भेगाळलेल्या मातीतून आत चालत गेले. बघते तर पाच-सहा स्पर्धक, डॉक्टरबाई आणि मध्ये आक्का. पायाखाली काळ्या दगडांची एक चौकट.

"हे आमचं जोतं. हिकडं चूल व्हती. अन् हितं आमी निजायचो." त्या सांगत होत्या आणि नंबर लावलेली ती माणसं घड्याळ विसरून ऐकत होती. एकाने तर बूट काढून हातात घेतले होते.

सायकलची वेळ टळली. मला रस्त्यावर सोडलं नाही. खरं सांगायचं तर मला रागच आला. वर्षभर मीही सायकल मारून पाय मोडून घेतले होते. घरी जाताना मी सायकल ढकलत आक्कांच्या पुढे पुढे चालले. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या वाटेत एकदम म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं घर लई मोठं हाय."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तळं भरलं. आक्का तिसऱ्या की चौथ्या नंबरावर छान चालल्या होत्या आणि मध्येच थांबल्या. देखरेखीच्या होडीतला माणूस घाबरून वल्हं मारत गेला. नंतर त्यानेच सांगितलं, त्या आरामात पाण्यावर उताण्या पडल्या होत्या. "काय झालं मावशी?" विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. घराच्या वर हाय मी." आणि वळून पुन्हा हात मारायला लागल्या. तेवढ्यात बरेच जण पुढे गेले, पण ह्या वेळी मला राग आला नाही. काठावर येताच त्यांनी ओल्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी निघाले.

जाताना बरं होतं. सिरसाळ्याहून वळल्यावर समोरून वारं सुटलं. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लागलेली असतात, त्यामुळे मागून येणारं दुसरं काही ऐकू येत नाही. एका ट्रॅक्टरवाल्याने माझ्या जोडीने चालवत विचारलं, "बाई, एसटी बंद हाय का?" मला हसू आलं आणि पाय थोडे हलके झाले.

ह्यांनी कालव्याचा अर्धा रस्ता पळून काढला आणि अर्धा चालून. शेवटच्या टप्प्यात आक्का काठाकाठाने त्यांच्या बरोबर चालत आल्या, मध्येच "भाऊजी, बसू नका, बसलं की उठवत न्हाई" म्हणत. आम्ही शेवटून दुसरे आलो. डॉक्टरबाईंनी तिघांच्या गळ्यात पदकं घातली. ह्यांनी घरी येऊन ते गळ्यात घालूनच दोन भाकरी आणि पिठलं संपवलं आणि तिथेच ओट्यावर झोपले. मी त्यांना विचारलंच नाही की कसं वाटलं. चेहऱ्यावर दिसत होतं, पण काय दिसत होतं ते आजही मला नीट सांगता येत नाही.

आता आक्कांना एकटीने सगळं करायचंय. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मी त्यांना सायकल शिकवते. तोल सांभाळता येतो, वळणही जमतं. उतरायचं कसं ते अजून जमत नाही. कुंपणाच्या मेंदीत घुसल्या की थांबतात आणि तिथूनच मला हाक मारतात.